आत्याची उचकी

नकला करण्यात आमच्या घरात माझा हात धरणारं कोणी नव्हतं. घरमालकांचं सकाळचं खाकरणं, गणिताच्या बाईंचं नाकातून बोलणं, पोस्टमनची जिन्यावरून येणारी हाक, मला एकदा ऐकलं की यायचं. पण पाहुण्यांसमोर हमखास फर्माईश व्हायची ती आत्याच्या नकलेची. आत्या म्हणजे अप्पांची थोरली बहीण. अप्पांचं घराणं कित्येक पिढ्यांपासून तंजावरकडचं. तिथली मराठी जुन्या पोथीसारखी आणि हेल सगळा तमिळ. आई सांगलीची. लग्न होऊन मद्रासला आली आणि वर्षाच्या आत तिनं अप्पांची भाषा घासून-पुसून आपल्यासारखी करून घेतली. आत्याची तशीच राहिली. ती ‘कुठे’ म्हणत नसे, ‘कोठें’ म्हणे. ‘मला’ नाही, ‘मज’. आणि ‘पुरे’ म्हणायचं असलं की सरळ तमिळमधलं ‘पोदुम्’. मी खांद्यावर टॉवेल पदरासारखा टाकून, मान वाकडी करून ‘मज काय ठावें, पोदुम्, पोदुम्’ म्हटलं की आईच्या बँकेतली, महाराष्ट्रातून बदलीवर आलेली मंडळी पोट धरून हसायची. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकायची. कधीकधी तीही हसायची. मला तेवढं पुरेसं होतं.

मैलापूरला देवळाच्या तळ्यामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर आमचा तीन खोल्यांचा पोर्शन होता. सकाळी देवळातला नादस्वर आणि खालच्या इडलीवाल्याचा ग्राइंडर एकाच वेळी सुरू व्हायचे, आणि त्या दोन्हींच्या आधी आत्या उठलेली असायची. तिनं फिल्टरमध्ये उतरवलेल्या कॉफीच्या डिकॉक्शनचा वास आला म्हणजे आमची सकाळ झाली. अप्पा गिंडीच्या एका सरकारी ऑफिसात, आई बँकेत, मी शाळेत. तिघांचे डबे, दुपारची चिंचेची आंबटी, उडदाच्या पिठाची दह्यातली डांगर पचडी, संध्याकाळचं फराळाचं, सगळं तिच्या हातचं. आईनं त्यातलं काही शिकून घेतलं नाही. “वन्सं आहेत ना,” असं ती म्हणायची, आणि ऐकणाऱ्याला वाटायचं की हे कौतुक आहे. आत्याचे गुडघे दुखायचे. आई पर्समधून पांढऱ्या गोळ्यांची पट्टी काढून तिच्या हातावर ठेवायची. सकाळी एक, संध्याकाळी एक, वर्षानुवर्षं. गोळी घेतली की आत्या उभी राहायची आणि ती उभी राहिली की आमचं घर चालायचं.

तिचं लग्न झालेलं होतं. चार वर्षं ती त्रिचीला नांदली, मग एका दिवाळीला यजमानांनी तिला माहेरी पाठवलं आणि परत बोलावलंच नाही. पुढे त्यांनी दुसरं घर मांडलं, मुलंबाळं झाली. हे सगळ्यांना माहीत होतं, तिलाही. तरी तिच्या गळ्यात मंगळसूत्र होतं, दर शुक्रवारी ती हळद लावून न्हायची, आणि त्यांचा विषय निघालाच तर ‘ते’ एवढंच म्हणायची. त्याला तीस वर्षं होऊन गेली होती, आणि तिनं त्या माणसाचं नाव तोंडातून काढलेलं मी तरी कधी ऐकलं नव्हतं.

उचकी लागली ती गुरुवारी दुपारी. शाळेला सुट्टी होती, अप्पाही घरी होते. आत्या भात वाढत होती आणि मध्येच ‘हिक्’ असा आवाज करून थांबली. भाताची मूद पानाबाहेर पडली. आम्ही हसलो. ती पाणी प्यायली, परत वाढायला वाकली, परत उचकी. अप्पा म्हणाले, “अक्का, कोणीतरी आठवण काढतंय तुझी.” मग नावं घ्यायचा खेळ सुरू झाला, कारण बरोबर नावाला उचकी थांबते असं म्हणतात. आत्यानं तंजावरच्या काकीचं नाव घेतलं, कुंभकोणमच्या मैत्रिणीचं घेतलं, मेलेल्या आईचंही घेतलं. उचकी चालूच. मी म्हटलं, “त्रिचीचं घे की.” अप्पांनी पानातून मान वर केली नाही. आत्या म्हणाली, “तेथून कोण काढील?” आणि पुन्हा उचकी आल्यामुळे ते वाक्य असं काही तुटलं की मला हसू आवरेना.

त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी जे काही घरात करतात ते सगळं झालं. चमचाभर साखर जिभेवर ठेवून झाली. सात घोट पाणी न थांबता पिऊन झालं. नाक दाबून श्वास रोखला, सुंठ मधात चाटली, वेलदोडा चघळला, लिंबाची फोड चोखली. खालच्या घरमालकीणबाईंनी जीभ ओढायला सांगितली, तीही तिनं बिचारीनं आरशासमोर उभं राहून ओढली आणि मी ते दाराआडून पाहून पाठ केलं. साध्या उचकीला यातलं काहीही चालतं, आणि खरं तर काही केलं नाही तरी चालतं. गेल्याच महिन्यात माझ्या नातवाला घाईघाईनं डोसा खाऊन उचकी लागली. मी त्याला गार पाणी दिलं, छातीशी गुडघे घेऊन बसवलं, आणि घड्याळाकडे बघत बसले. चार मिनिटांत थांबली. मुलगी म्हणाली, “आई, तू अशी काय बघतेस? उचकीच तर आहे.” तिला मी एवढंच सांगितलं की दोन दिवस उलटून गेले तर ती नुसती उचकी नसते, डॉक्टरला दाखवायचं, आणि बरोबर उलट्या, सूज, छातीत दुखणं, जीभ जड होणं असं काही असेल तर दोन दिवसही थांबायचं नाही. कुठे वाचलंस, असं तिनं विचारलं. मी पाण्याचा पेला उचलून आत गेले.

आत्याचे दोन दिवस शनिवारी दुपारी भरले. तोवर गंमत संपून वैताग सुरू झाला होता. आईला हिशेब तपासताना तो आवाज सहन होईना. आत्या दोन घास खायची आणि ओकून टाकायची. अंग खाजतं म्हणून दंड ओरबाडायची. तोंडाला कसली तरी चव येते, तांब्याचा पैसा ठेवल्यासारखी, असं ती मला म्हणाली. मी तिच्याच आवाजात ते आईला सांगितलं आणि आई हसली. अप्पा म्हणाले, डॉक्टरकडे काय घेऊन जायचं, उचकी लागली म्हणून? हसतील लोक. आणि मग हळूच आईला म्हणाले, “लक्ष दिलं की वाढतं. तिचं पहिल्यापासूनच असं आहे.” म्हणजे कसं, ते मला कळलं नाही, पण ते म्हणताना अप्पांचा चेहरा अगदी आईसारखा झाला होता एवढं लक्षात आहे.

रविवारी आईनं बँकेतल्या तीन कुटुंबांना जेवायला बोलावलं होतं. ते महिन्याभरापूर्वी ठरलं होतं आणि आत्याच्या उचकीसाठी ते रद्द करावं असं कोणाच्या मनातही आलं नाही. तिनं चौदा माणसांचा स्वयंपाक केला. ओट्याला एका हातानं धरून, दर पाच-सहा सेकंदांनी सबंध अंग हिसडत. पाहुणे आल्यावर आई तिला म्हणाली, “वन्सं, आता तुम्ही मागच्या गॅलरीत बसा जरा. दार ओढून घ्या.” तरी जेवताना आवाज येतच होता. कोणीतरी विचारलं, हे काय? आणि मी उठले. खांद्यावर टॉवेल टाकला. आत्या वाढते कशी, उचकी आल्यावर डाव कसा हवेत उडतो, पोथीतलं वाक्य मध्येच कसं तुटतं, सगळं करून दाखवलं. ‘मज – हिक् – काय – हिक् – ठावें.’ अशी दाद मला आयुष्यात परत मिळाली नाही. एका काकूंना ठसका लागला. आईच्या डोळ्यांत हसून पाणी आलं होतं, आणि तिनं मला जवळ ओढून घेतलं. ‘अगदी माझ्यावर गेलीये’ असं ती त्या बायकांना म्हणाली.

मग एक काका म्हणाले, “अगं, उचकीवर एकच उपाय. दचकवायचं. असं काही सांगायचं की काळजाचा ठोका चुकला पाहिजे.” मी कागदाची पिशवी फोडून पाहिली होती, पाठीवर गार पाणी टाकून पाहिलं होतं. ते म्हणाले, तसलं नाही, बातमी सांगायची बातमी. सगळे माझ्याकडे बघत होते. मी पंधरा वर्षांची होते आणि मला काय सांगायचं ते एका क्षणात सुचलं. सुचलं तेव्हा ते वाईट आहे हेही कळलं. तरीही मी गॅलरीत गेले.

आत्या भिंतीला टेकून बसली होती. पायांवर साडी ओढून घेतली होती. मी धापा टाकत म्हटलं, “आत्या, ऊठ. ते आलेत. खाली उभे आहेत.”

“कोण?”

“तुझे यजमान. त्रिचीहून. तुला विचारतायत.”

उचकी थांबली. खरंच थांबली. तिनं माझ्याकडे पाहिलं, आणि मी डोळे हलू दिले नाहीत. तेही मला चांगलं येत होतं. “अय्यो, अशी कशी येऊं,” असं म्हणून ती भिंतीला धरून उठली. मी हॉलमध्ये पळाले आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना थांबायची खूण केली. सगळे कान देऊन बसले. आवाज नाही. काकांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं होतं, आता आत जाऊन सांगू की खोटं होतं. पण कोणी हललं नाही, मीही नाही. कितीतरी वेळानं आत्या हॉलच्या दारात आली. तिनं तोंड धुतलं होतं, ओल्या केसांच्या कडा मागे चापून बसवल्या होत्या, कुंकू नवं लावलं होतं. अंगावर तिची एकुलती रेशमी साडी होती, जांभळी, आणि ती घाईत निऱ्या सुटत्या ठेवून नेसली होती. पाय इतके सुजलेले होते की जोडवी मांसात रुतली होती. तिनं एकेका पाहुण्याकडे पाहिलं. दाराकडे पाहिलं.

“कोठें आहेत ते?” तिनं विचारलं.

कोणीतरी फिसकन हसलं. कोण ते मी आजवर ठरवू शकले नाही. ती मी नव्हते असं शपथेवर सांगू शकत नाही. अप्पा खुर्चीत चुळबुळले. बहिणीकडे न बघता म्हणाले, “काही नाही अक्का, पोरीनं गंमत केली. बघ, थांबली की नाही उचकी?” आत्यानं चौकटीला हात टेकला. तिच्या तोंडून शब्द यायच्या आधी उचकी आली. आई म्हणाली, “वन्सं, आत जा बघू. साडी नीट करा.” आणि पाहुण्यांना खीर वाढायला मला उठवलं.

त्यानंतरचे तीन दिवस आत्या कोणाशी बोलली नाही. बोलणं तसं शक्यही नव्हतं. ती झोपत नसे, बसल्या बसल्या डुलकी लागली की उचकीच जागं करायची. सोमवारपासून आम्ही तिघं खालून इडल्या आणून खात होतो आणि कुरकुरत होतो. अप्पांनी औषधाच्या दुकानातून पित्तावरची गुलाबी बाटली आणून दिली. पोरीवरचा राग काढतेय, असं आई म्हणाली.

बुधवारी सकाळी फूलवाली सेल्वी रोजची मोगऱ्याची वीतभर माळ घेऊन जिना चढून आली. रोज आत्याच दार उघडायची आणि दोघी तमिळमध्ये चार सुखदुःखाच्या गोष्टी बोलायच्या. त्या दिवशी मी उघडलं. सेल्वी माझ्या मागे पाहत राहिली. मग टोपली दारातच ठेवून सरळ आत गेली, आत्याची हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. डोळ्यांखाली पाण्याच्या पिशव्या लोंबत होत्या. “लघवी कधी झाली?” तिनं विचारलं. आत्यानं दोन बोटं दाखवली. दोन दिवसांपूर्वी. सेल्वी माझ्यावर ओरडली. मला त्या वेळी फूलवालीनं आपल्यावर ओरडावं याचाच राग आला होता. ती म्हणाली, “माझ्या सासऱ्याचं असंच झालं होतं. आत्ताच्या आत्ता रिक्षा बोलाव.” आई-अप्पा कामावर गेले होते. तिनंच रिक्षा थांबवली, तिनंच आत्याला उचलून बसवलं, आणि मला शेजारी ढकललं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात एका तरुण डॉक्टरणीनं तिला तपासलं. आत्याच्या नडगीवर अंगठा दाबून धरला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला. तोंडाजवळ वाकून श्वासाचा वास घेतला. कुठल्या गोळ्या घेते, किती वर्षं, असं विचारलं. मी पांढऱ्या पट्टीचं सांगितलं. रक्त तपासायला गेलं. रिपोर्ट आल्यावर डॉक्टरीण मला बाहेर घेऊन गेली आणि तमिळमध्ये, अगदी सावकाश म्हणाली, हिची दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ बंद पडली आहेत. जे बाहेर जायला हवं ते रक्तात साठलंय, म्हणून उलट्या, म्हणून खाज, म्हणून उचकी. “उचकी कधीपासून आहे?”

“सहा दिवस.”

“सहा दिवस तुम्ही काय करत होतात?”

मी विचारलं, आधी आणलं असतं तर वाचली असती का? ती म्हणाली, “मूत्रपिंडं सहा दिवसांत नाही गेली, त्या गोळ्यांनी वर्षानुवर्षं जात होती. सहा दिवसांनी सगळं बदललं असतं असं मी म्हणणार नाही. कदाचित बदललंही असतं. पण त्या सहा दिवसांत तिला झोप मिळाली असती. दोन घास पोटात राहिले असते.” तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं.

इंजेक्शन दिलं, मग मशीनवर रक्त धुतलं, आणि दुसऱ्या दिवशी उचकी थांबली. मशिनी थोड्या होत्या, रांग मोठी होती. तिचा नंबर तीन वेळा लागला. अप्पा भेटायला आले तेव्हा पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून त्यांनी डॉक्टरणीला विचारलं, “पुन्हा उभी कधी राहील? घरी फार पंचाईत होतेय.” आत्या डोळे मिटून पडली होती. झोपलेली नव्हती, कारण त्यांची पावलं दूर गेल्याबरोबर तिनं डोळे उघडले.

शाळा सुटल्यावर मी रोज जायचे. तिच्या खोलीत आठ पलंग होते. एका दुपारी तिनं शेजारच्या बाईला आणि नर्सला हाक मारली आणि तमिळमध्ये म्हणाली, “ही माझ्या भावाची मुलगी. नक्कल फार छान करते. माझ्या उचकीची करते.” मग माझ्याकडे वळली. “करून दाखव.”

मी नाही म्हटलं.

“कां? पाहुण्यांपुढें तर केलीस.”

सगळ्या बायका माझ्याकडे बघत होत्या. दिवसभर छताकडे बघणाऱ्या बायका. त्यांना काहीही चाललं असतं. मी केली. तीच, डाव हवेत उडवायची. खोली हसली. शेजारची बाई पोटावरचे टाके दाबून हसली. आत्या उशीला टेकून, परीक्षक बघतात तशी बघत होती. संपल्यावर म्हणाली, “होय. अशीच होती.” बायका आपापल्या पलंगांवर गेल्या आणि मला रडू फुटलं. मी म्हटलं, “आत्या, माझं चुकलं.”

“न कळत होतें तें चुकणें,” ती म्हणाली. “तुज कळत होतें. मी तुझे डोळे पाहिले होते.” मग डबा घेऊन जा, भांडं घासून ठेव, असं सांगून तिनं कूस बदलली. त्यानंतर दोन आठवडे ती जगली. माझ्याशी बोलायची, पाणी दे, खिडकी लाव, आज किती वाजले. तेवढंच.

ती गेल्यावर घर माणसांनी भरून गेलं. तंजावरची मंडळी आली, आईच्या बँकेतली तिन्ही कुटुंबं आली. त्रिचीला तार केली होती, तिकडून कोणी आलं नाही. अप्पा दाराशी बसून येईल त्याला सांगत होते, “अचानकच झालं हो सगळं. काही लक्षणंच नव्हती.” दर वेळी सांगताना ते डोळे पुसायचे, आणि डोळे खरे ओले असायचे. मला वाटतं, तिसऱ्या-चौथ्या माणसापर्यंत ते त्यांचं त्यांनाच पटलं होतं. ते काकाही आले होते. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

तंजावरची म्हातारी काकी माझ्याजवळ येऊन बसली. आत्या तिच्या डोळ्यांसमोर लहानाची मोठी झाली होती. तिनं माझा हात हातात घेतला आणि आत्याच्याच भाषेत, आत्याच्याच हेलात विचारलं, “बाळ, तूं होतीस ना तिजपाशीं? फार सोसावें लागलें काय तिला?”

आई कॉफीचं तबक हातात धरून उभी होती. अप्पा माझ्याकडे बघत होते.

“नाही,” मी म्हटलं. “अजिबात नाही.”

काकीनं निःश्वास टाकला आणि माझ्या गालावरून हात फिरवला. आईनं तबक पुढे केलं.